अभिक्रियेच्या पोटातलं तापमान उजेडावरून कसं मोजतात

आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलं की पाऊस एकदा तरी गाठतोच. कापलेलं सोयाबीन भिजू नये म्हणून घाईघाईने बनीम, म्हणजे त्याचा रचलेला ढीग, लावायची, वर ताडपत्री ओढायची, कडेने दगड ठेवायचे आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत वाट बघायची. त्या दिवसांत आण्णा रोज संध्याकाळी एक लांब लोखंडी सळई घेऊन बनिमीकडे जायचे. सळई हातभर आत खुपसायची, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्यायची आणि उपसून तिचं टोक लगेच तळहातावर धरायचं. टोक गार लागलं तर ताडपत्री नीट करून घरी. कोमट लागलं की आण्णा एवढंच म्हणायचे, “आतून तापायलीय.” मग रात्रीच बनीम मोडून सगळं सोयाबीन पसरावं लागायचं.

ओलसर शेंगा आणि त्यांवरची बुरशी श्वसन करतात, त्यातून उष्णता निघते. ढिगातून ती बाहेर पडत नाही. आतलं तापमान वाढतं, तसं श्वसन आणखी जोरात होतं आणि आणखी उष्णता निघते. बाहेरून हात लावला तर बनीम गारच. एका वर्षी आण्णांनी दोन ठिकाणी सळई घातली, दोन्हीकडे टोक गार आलं. मळणीच्या दिवशी तिसऱ्याच ठिकाणी, टोपलीभर जागेत, काळं पडलेलं आणि कुबट वासाचं सोयाबीन निघालं. सळई जिथं गेली तिथलंच ती सांगते.

मी आता रसायनशास्त्र शिकवतो. मोठमोठ्या रसायन कारखान्यांपुढे आणि प्रयोगशाळांपुढेही बनिमीचाच प्रश्न असतो: जिथं उष्णता तयार होते, नेमकं तिथलं तापमान किती? त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक फार सुंदर उत्तर आकाराला येतंय. अभिक्रियेच्या आत असे सच्छिद्र कण ठेवायचे, की जे स्वतः प्रकाश देतात आणि त्या प्रकाशाच्या रंगावरून आपण किती तापलोय ते सांगतात. हे नीट समजून घ्यायला फार गणित लागत नाही. थोडा धीर मात्र लागतो.

तापमान एकच नसतं

एक उदाहरण घेऊ. सिरिंज, सलाइनच्या नळ्या वगैरे निर्जंतुक करायला इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू वापरतात. तो इथिलीन आणि ऑक्सिजन यांच्यापासून तयार होतो, चांदीच्या उत्प्रेरकावर, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. हवी ती अभिक्रिया झाली तर दर मोलमागे, म्हणजे २८ ग्रॅम इथिलीनमागे, सुमारे १०५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. पण तेच इथिलीन पूर्ण जळून गेलं, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झालं, तर उष्णता निघते सुमारे १,३२० किलोजूल. बारा पटींहून जास्त. आणि तापमान वाढलं की ही दुसरी, नको असलेली अभिक्रियाच जास्त जोर धरते. नळीत भरलेल्या उत्प्रेरकात एखादी जागा जरा जास्त तापली, तर तिथं इथिलीन जळायला लागतं, त्याने ती जागा आणखी तापते, आणखी इथिलीन जळतं. कारखान्यातले लोक अशा जागेला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. माल वाया जातो, उत्प्रेरकाचे कण एकमेकांना चिकटून निकामी होतात, आणि आवरलं नाही तर अपघात होतो.

नळीत थर्मोकपल असतो, नाही असं नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या की त्या सांध्याच्या तापमानाप्रमाणे बारीकसा विद्युतदाब तयार होतो, हे सीबेकच्या १८२१ मधल्या शोधातून आलेलं तत्त्व आहे. बाजारात मिळणारा ‘के टाइप’ थर्मोकपल दर अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. स्वस्त, मजबूत, भरवशाचं साधन. पण ती आण्णांची सळईच आहे. उत्प्रेरकाचा कण मिलीमीटरभर, कधी त्याच्या शंभराव्या भागाएवढा. उष्णता तयार होते त्या कणाच्याही आतल्या छिद्रांमध्ये. तार असते कणाच्या बाहेर, आणि धातूची असल्यामुळे ती स्वतःच थोडी उष्णता वाहून नेते. मायक्रोवेव्हने तापवायची अभिक्रिया असेल तर धातूची तार आत घालणंच अडचणीचं. दुरून तापमान बघणारा अवरक्त कॅमेरा आहे, पण तो फक्त वरचा पृष्ठभाग बघतो. काचेच्या भांड्याकडे रोखला तर तो बहुतांशी काचेचंच तापमान सांगतो.

शिकवायला लागण्याआधी दोन वर्षं मी औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होतो. तिथली एक रात्र विसरलेलो नाही. रिॲक्टरमध्ये ॲसिटोनमध्ये बॅच चालू होती, वरून एक रसायन थेंबथेंब सोडत होतो. उष्णता निघणारी अभिक्रिया होती, म्हणून डिस्प्लेवर माझी नजर होती. डिस्प्ले सांगत होता ४१ अंश. आणि शेजारच्या कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ गार करून तिचा परत द्रव करणाऱ्या भागाच्या, काचेतून बघतो तर ॲसिटोन धो-धो परत येतंय. ॲसिटोन उकळतं ५६ अंशांना! डिस्प्ले काहीही म्हणो, आतला द्रव उकळत होता. सोडणं बंद केलं, जॅकेटमध्ये, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या कवचात, ब्राइन, म्हणजे थंडगार मिठाचं पाणी, घेतलं, अर्ध्या तासात सगळं शांत झालं. सकाळी मेंटेनन्सवाल्यांनी थर्मोवेल, म्हणजे ज्या बंद नळीत तापमापक बसवलेला असतो ती नळी, उघडून बघितली. आत उष्णता नीट पोचावी म्हणून तेल भरलेलं असतं. ते आटून गेलं होतं. तापमापक चांगला होता, पण तो हवेत लटकला होता आणि बाहेरची गोष्ट त्याला उशिरा आणि कमी कळत होती.

त्या रात्री खरं तापमान मला ॲसिटोननेच सांगितलं. पदार्थालाच विचारायचं, त्याच्या शेजाऱ्याला नाही. प्रकाशाने तापमान मोजण्यामागचा सगळा विचार इथूनच सुरू होतो.

चमक आणि गरमी

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. अंधारात हिरवट चमकणाऱ्या चांदण्या मुलांच्या खोलीत छताला लावतात ना, आपण ज्यांना सर्रास ‘रेडियम’ म्हणतो, त्या घ्या. त्यांत रेडियम नसतं. चांगल्या चांदण्यांमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं अगदी थोडी मिसळलेली असतात. एकसारख्या दोन चांदण्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, ट्यूबलाइटखाली दोन-तीन मिनिटं ठेवा, मग दिवा घालवून एक बर्फाच्या पाण्यात आणि दुसरी चांगल्या गरम पाण्यात बुडवा. गरम पाण्यातली चांदणी एकदम उजळते आणि लवकर विझते. गार पाण्यातली मंद राहते, पण जास्त वेळ टिकते. चांदणीने प्रकाशाची ऊर्जा आत अडकवून ठेवलेली असते, आणि उष्णतेचा धक्का बसला की ती ऊर्जा भराभर सुटून बाहेर पडते. म्हणजे चमक आणि तापमान यांचं नातं आहे, हे डोळ्यांनी दिसलं.

आता या चमकेवरून पाण्याचं तापमान सांगा म्हटलं तर मात्र फसगत होईल. एक चांदणी दिव्याच्या जास्त जवळ असेल, एका पिशवीवर पाण्याचे थेंब असतील, एखादी चांदणी जुनी असेल. नुसता उजेड किती, एवढ्यावर विसंबलं तर शंभर कारणं आड येतात. म्हणून शास्त्रज्ञ उजेड मोजत नाहीत, दोन रंगांच्या उजेडांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मोजतात.

माळवदावर किती जण झोपलेत?

हे प्रमाणाचं प्रकरण वर्गात समजावताना मी मुलांना त्यांच्याच घरी नेतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की रात्री घरात झोपवत नाही. बरेच जण अंथरूण उचलून माळवदावर किंवा गच्चीवर जातात. फेब्रुवारीत वर एखाद-दुसरा असतो, मार्चअखेर चार-पाच, मे महिन्यात जवळपास निम्मं घर. समजा मी तुमच्या घरापासून लांब उभा आहे आणि मला एवढंच दिसतंय, की वर किती जण आहेत आणि खाली किती. या दोन आकड्यांच्या प्रमाणावरून घरात किती उकडतंय ते मला सांगता येईल. घरात माणसं दहा आहेत की पन्नास, याने फरक पडत नाही. मधे धुकं आलं आणि वरची-खालची निम्मीच माणसं दिसली, तरी प्रमाण तेच राहतं.

एर्बियम नावाच्या मूलद्रव्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, अगदी असंच वागतात. त्यांना बाहेरून ऊर्जा दिली की त्यांतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळ्यांवर जातात. त्यांतल्या दोन पातळ्या एकमेकींच्या खूप जवळ आहेत. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ओळखतात आणि ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत, मोजतात. खालच्या पातळीवरून निसटलेला इलेक्ट्रॉन ५४५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश देतो, वरच्या पातळीवरून निसटलेला ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, किंचित निळसर झाकेचा हिरवा. आसपासची उष्णता इलेक्ट्रॉनांना खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर ढकलत असते. जितकं गरम, तितके वर जास्त. वर किती आणि खाली किती, हे ठरवणारं सूत्र लुडविग बोल्ट्झमन यांच्या नावाने ओळखलं जातं आणि ते एकोणिसाव्या शतकातलं आहे.

दोन पातळ्यांमधलं ठोकळ अंतर धरून मी हिशेब केला. २७ अंशांवरून २२७ अंशांवर गेलं की ५२५ आणि ५४५ या दोन हिरव्यांचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. २७ अंशांच्या आसपास दर अंशाला हे प्रमाण साधारण १.१ टक्क्याने बदलतं. २२७ अंशांवर मात्र दर अंशाला फक्त ०.४ टक्के. यातला दुसरा आकडा विसरून चालत नाही. तापमान वाढतं तसा हा तापमापक मंद होत जातो, आणि एक अंशाचा फरक ओळखायचा असेल तर दोन्ही रंग फार काटेकोर मोजावे लागतात.

एर्बियमला ऊर्जा द्यायची एक युक्तीही छान आहे. सोबत यिटर्बियम नावाचं दुसरं मूलद्रव्य ठेवतात. ते ९८० नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पकडतं आणि एर्बियमला देतं. पन्नासच्या दोन नोटा देऊन शंभराची एक घ्यावी, तसे अवरक्ताचे दोन कण देऊन हिरव्याचा एक कण मिळतो. याचा मोठा फायदा असा, की अवरक्त किरणांखाली अभिक्रियेतलं दुसरं जवळजवळ काहीच चमकत नाही. अतिनील किरण वापरले तर कितीतरी सेंद्रिय रसायनं स्वतःच चमकायला लागतात आणि आपला संदेश त्या गोंगाटात हरवतो.

एर्बियम, यिटर्बियम, टर्बियम आणि यिट्रियम, या चारही मूलद्रव्यांची नावं स्वीडनमधल्या यिटरबी या एकाच गावावरून पडली आहेत. तिथल्या खाणीतल्या एका जड काळ्या दगडापासून ही सगळी शोधयात्रा सुरू झाली. एका गावाच्या नावावर चार मूलद्रव्यं, हे मला अजूनही अप्रूप वाटतं.

खणांचं घर

आता सच्छिद्र पदार्थांकडे येऊ. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. घर केवढं, हे त्या काळी चौरस फुटांत कुणी सांगायचं नाही. इतक्या खणांचं घर, असं सांगायचे. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. घर मोजायचं ते लाकडाने नाही, लाकडांमधल्या मोकळ्या जागेने.

धातू-सेंद्रिय चौकटी म्हणून पदार्थांचं एक मोठं कुटुंब आहे, बोलीत त्यांना ‘मॉफ’ म्हणतात. त्यांची रचना तशीच आहे. धातूच्या अणूंचे छोटे गठ्ठे म्हणजे खांबांचे सांधे, आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू म्हणजे तुळया. मधे मोकळे खण, सगळे एका मापाचे, सगळ्या दिशांना पसरलेले. रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी या तिघांना या कामासाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला यातलं यूआयओ-६६ हे मॉफ फार आवडतं. ऑस्लो विद्यापीठात २००८ साली ते तयार झालं, नावातली अक्षरं त्या विद्यापीठाचीच. त्याच्या प्रत्येक सांध्यात झिर्कोनियमचे सहा अणू असतात आणि एका सांध्यातून बारा तुळया निघतात. म्हणूनच ते इतकं दणकट आहे. आणि तुळई कशाची? टेरेफ्थॅलिक आम्लाची. आपण पाण्याची प्लास्टिकची बाटली वापरतो ना, ती ज्या दोन घटकांपासून बनते त्यांतलाच हा एक. आतला खण साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत असे हजारो खण सहज बसतील. या सगळ्या खणांच्या भिंती उलगडून पसरल्या तर एका ग्रॅमची जागा हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. एका ग्रॅमात दहा गुंठे!

एवढी जागा असल्यामुळे अभिक्रिया करणारे रेणू आत शिरतात, भिंतींना लागतात, तिथंच बदलतात आणि बाहेर पडतात. मॉफ स्वतःच उत्प्रेरकाचं काम करू शकतं. आणि त्याच्याच सांध्यांत किंवा भिंतींवर एर्बियम, टर्बियम, युरोपियम यांसारखे प्रकाश देणारे आयन बसवले, तर अभिक्रिया जिथं घडते त्याच खणाच्या भिंतीत तापमापक बसला. सळई आत खुपसायची गरजच उरली नाही, बनिमीतली काडीच बोलायला लागली.

टर्बियम आणि युरोपियम या जोडीचं काम जरा वेगळ्या पद्धतीने चालतं. टर्बियम ५४५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतं, युरोपियम ६१५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. हे आयन स्वतः प्रकाश शोषण्यात फार कच्चे आहेत. इथं तुळया मदतीला येतात. सेंद्रिय तुळई अतिनील किरण अँटेनासारखे पकडते आणि ती ऊर्जा आयनाकडे सरकवते. तापमान वाढलं की टर्बियम आपली ऊर्जा शेजारच्या युरोपियमकडे जास्त सोपवायला लागतं. हिरवा मंद होतो, लाल टिकून राहतो किंवा वाढतो. गार असताना हिरवट, मधे पिवळसर, गरम झालं की लालसर.

चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या संशोधकांनी मिळून २०१२ साली असं मॉफ जगापुढे ठेवलं. त्यात टर्बियम ९९ टक्क्यांहून जास्त आणि युरोपियम एक टक्क्यापेक्षाही कमी होतं. ते उणे २२३ ते उणे ७३ अंश सेल्सिअस या पट्ट्यात चालायचं. म्हणजे कोणत्याही रिॲक्टरच्या कामाचं नव्हतं. पण एकाच जाळीतल्या दोन रंगांच्या प्रमाणावरून तापमान वाचता येतं, हे त्याने दाखवून दिलं आणि पुढच्यांना वाट मिळाली.

प्रत्यक्षात करतात कसं

क्वार्ट्झच्या बारीक नळीत उत्प्रेरकाचे कण भरतात, त्यांतच हे चमकणारे कण असतात. नळीतून वायू किंवा द्रव वाहत असतो, बाहेरून भट्टी तापवते. प्रकाश-तंतूतून लेसरचा किरण आत जातो, कणांनी दिलेला प्रकाश त्याच वाटेने परत येतो आणि वर्णपटमापकात त्याचे रंग वेगळे होतात. दोन रंगांचं प्रमाण काढायचं आणि आधी तयार केलेल्या तक्त्यावरून तापमान वाचायचं. नळीच्या लांबीवर किरण सरकवत नेला तर कुठं किती गरम आहे याचा नकाशाच मिळतो. सूक्ष्मदर्शक जोडला तर एकेका कणाचा. काही जण रंगांऐवजी चमक विझायला किती वेळ लागतो ते मोजतात.

तो तक्ता आधी तयार करावा लागतो, हे मी मुद्दाम सांगतो. अभिक्रिया बंद ठेवून, भट्टीचं तापमान स्थिर करून, प्रत्येक तापमानाला प्रमाण नोंदवायचं. म्हणजे सुरुवातीला विश्वास शेवटी थर्मोकपलवरच ठेवावा लागतो. जुनी सळई फेकून द्यायची नाही, नव्या साधनाला तिनेच वळण लावायचं असतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटाने एर्बियम-यिटर्बियमचे कण सिलिकाच्या कवचात बंद करून उत्प्रेरकासोबत ठेवले आणि २०१८ मध्ये अभिक्रिया चालू असतानाचे तापमानातले फरक मोजून दाखवले. कवचामुळे ते कण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढेही टिकतात. इथं तापमापक मॉफच्या भिंतीत नाही, उत्प्रेरकाच्या शेजारी आहे. थोडं अंतर पत्करून टिकाऊपणा मिळवलेला. माझ्या मते सध्या कारखान्याच्या जास्त जवळ जाणारी वाट हीच आहे. मॉफची वाट जास्त नेमकी आहे, पण नाजूक.

काय काय फसवतं

नाजूक का, ते सांगतो. या विषयावर बोलताना अडचणी झाकून ठेवल्या तर मुलांची दिशाभूल होते, म्हणून याला मी वर्गात अख्खा तास देतो.

पहिली अडचण पाण्याची. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची थरथर या आयनांची ऊर्जा शोषून घेते आणि चमक मंदावते. अनेक अभिक्रियांमध्ये पाणी तयार होतंच. युरोपियम आणि टर्बियम दोघांवर त्याचा सारखाच परिणाम झाला असता तर प्रमाण टिकलं असतं, पण तो सारखा होत नाही. मग तापमान न बदलताही आकडा बदलतो.

दुसरी अडचण मॉफच्या गुणातूनच येते. त्याचे खण पाहुण्या रेणूंना आत घेतात, म्हणून तर ते उत्प्रेरक आहे. पण पाहुणा आला की घराचा आवाज बदलतो. आत मिथेनॉल आहे की बेंझीन, यावरून चमक बदलू शकते. याच गुणाचा उपयोग करून रसायनं ओळखणारी साधनंही करतात. तापमान मोजायचं असेल तर तोच गुण आड येतो. म्हणून तक्ता तयार करताना आत तेच वायू, तोच द्रावक ठेवावा लागतो. रिकाम्या जाळीचा तक्ता भरलेल्या जाळीला चालत नाही.

तिसरी, रंगाची. तयार होणारा पदार्थ लालसर-तपकिरी असेल तर तो हिरवा प्रकाश जास्त गिळतो आणि लाल कमी. बाहेर येईपर्यंत प्रमाण बिघडलेलं. एर्बियमचे दोन हिरवे एकमेकांच्या जवळचे असल्यामुळे तिथं हा धोका कमी असतो, हिरवा-लाल जोडीत जास्त. उत्प्रेरकावर काजळी धरायला लागली की दोन्ही रंग मंदावतात, आणि एका टप्प्यानंतर काही दिसतच नाही.

लेसरसुद्धा निरुपद्रवी नसतो. तो जास्त तीव्र ठेवला तर मोजायचा कण त्यानेच तापतो, आणि ९८० नॅनोमीटरचे किरण पाणीही थोडे शोषतं. ५००-६०० अंशांच्या पुढे तर सगळंच लाल तेजाने उजळायला लागतं, जालन्याच्या रोलिंग मिलमधून बाहेर येणारी सळी बघितलेल्याला हे सांगायला नको. त्या तेजात लाल चमक वेगळी काढणं अवघड, हिरवी त्या मानाने सोपी. आणि या सगळ्याच्या वर, स्वतः मॉफ टिकलं पाहिजे. यूआयओ-६६ कोरड्या वातावरणात ४०० अंशांपलीकडेही तग धरतं, पण या कुटुंबातली बरीचशी मंडळी त्याच्या कितीतरी आधीच कोसळतात.

एवढ्या अडचणी असूनही लोक यामागे का लागलेत, याचं एक कारण मला पटतं. सोन्याचे किंवा चांदीचे अतिसूक्ष्म कण घेऊन त्यांवर प्रकाश टाकला की काही अभिक्रिया वेगाने होतात. हा वेग प्रकाशाने सुटलेल्या जोमदार इलेक्ट्रॉनांमुळे येतो, की प्रकाशाने कण नुसते तापल्यामुळे? यावर संशोधकांमध्ये जोरदार वाद झाला. मुद्दा अडला तो एका साध्या गोष्टीवर: त्या कणांच्या पृष्ठभागाचं खरं तापमान किती होतं? थोड्या अंशांच्या फरकाने वेगात मोठा फरक पडतो, आणि तापमान चुकीचं धरलं तर निष्कर्ष उलटा निघतो. अशा ठिकाणी पृष्ठभागाजवळ बसून बोलणारा तापमापक मिळणं फार मोलाचं आहे.

मागच्या वर्षी हे शिकवून झाल्यावर तिसऱ्या वर्षातली एक मुलगी थांबली. घरी शेती, लातूरच्या मोंढ्यात दरवर्षी सोयाबीन आणणारं घर.

“सर, हे बनिमीत टाकता येईल का?”

मी जरा विचार केला. बनिमीत प्रकाश बोटभरही आत जात नाही, म्हणजे प्रकाश-तंतू लागतील. आत ओल आहे, म्हणजे चमक दबणार. वर्णपटमापकाची किंमत अख्ख्या बनिमीपेक्षा जास्त. आणि बनीम तापायला तासन् तास, दिवस लागतात, तिथं क्षणाक्षणाचा आणि कणाकणाचा हिशेब नकोच आहे.

“बनिमीला थर्मोकपलच बरा,” मी म्हणालो. “फक्त एक नको.”

तिने प्रयोगशाळेतून के टाइपच्या तीन तारा आणि एक मीटर नेला. एका काठीला हातभर, दोन हात आणि तीन हात अशा अंतरांवर तारा बांधल्या आणि बनीम लावतानाच ती काठी आत उभी ठेवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. वरची तार ३१, खालची ३३, मधली ४७. तिचे वडील मागून विचारत होते, मधलीच का म्हणून. फोनवर तिने त्यांना खण, काडी आणि उष्णता असं काहीतरी समजावायला सुरुवात केली, आणि मग मधेच म्हणाली, “सर, ठेवते. ताडपत्री काढायलोत आम्ही.”